उंदीर पडला, पण पुढे काय? प्लेगचा माग आणि शास्त्रज्ञांची रीत

पारिजात | शनिवार, सकाळी ११:१०

लेक आठवीत आहे. शाळेत विज्ञानाचा प्रकल्प होता. तिने विषय घेतला, 'हळदीची रेघ मुंग्या ओलांडत नाहीत'. सासूबाई साखरेच्या डब्याभोवती हळद टाकतात, ते बघून तिला सुचलं. तीन दिवस ओट्यापाशी बसून तिने मुंग्या मोजल्या. मुंग्या रेघेशी थबकल्या, डावी-उजवीकडे फिरल्या आणि तासाभराने ओलांडून गेल्या. तिने वहीत तसंच लिहिलं. वही परत आली तेव्हा लाल शाईत शेरा होता: 'निष्कर्ष गृहीतकाशी जुळत नाही. दुरुस्त करणे.' लेक म्हणाली, "आई, म्हणजे मी खोटं लिहू का?"

आठवडा झाला, तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. पुस्तकात चार चौकटी असतात: निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. मध्ये बाण. मुलांना वाटतं शास्त्रज्ञ या बाणांवरून चालत जातात आणि शेवटच्या चौकटीत उत्तर तयार असतं. गेली दोन वर्षं मी मुंबईच्या प्लेगबद्दल मिळेल ते वाचते आहे. त्यात मला या चौकटी ओळीने कुठेच दिसल्या नाहीत. जे दिसलं ते इथे लिहिते. जाणकारांनी भर घालावी.

माझी पणजी वाईकडची. तिच्याकडून ऐकलेलं आजी सांगायची, घरात उंदीर पडला की भांडीकुंडी उचलायची आणि रानात झोपडी घालायची. आजी 'मेला' म्हणत नसे, 'पडला' म्हणायची. आढ्यावरून, डोळ्यांदेखत, झिंगल्यासारखा खाली पडलेला.

मुंबईत १८९६ साली मांडवीला हेच झालं. धान्याच्या वखारींत उंदीर मरायला लागले, मग माणसांना ताप आणि काखेत, जांघेत गाठी. मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी २३ सप्टेंबरला हा गाठीचा प्लेग आहे असं निदान केलं. जंतू तर दोन वर्षं आधीच हाती लागला होता. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सां यांनी तो ओळखला, किटासातोही त्याच वेळी तिथे त्याच शोधात होते. म्हणजे रोग कशाने होतो ते कळलं होतं. तो एकाकडून दुसऱ्याकडे पोचतो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

आणि या दुसऱ्या प्रश्नाला उत्तरं मात्र भरपूर होती. कोणी म्हणे गटारातल्या घाण हवेने, कोणी म्हणे धान्यातून, कोणी म्हणे दूषित जमिनीवर अनवाणी चालल्याने, कोणी म्हणे रुग्णाच्या कपड्यांतून नाहीतर श्वासातून. प्रत्येकाकडे आपल्या म्हणण्याला बळ देणाऱ्या दहा हकिकती होत्या. त्या उत्तरांवर विसंबून कामं सुरू झाली. गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडलं, भिंतींना चुना फासला, छपराची कौलं काढून खोल्यांत ऊन घेतलं, रुग्णांना घरातून उचलून नेलं. साथ काही हटली नाही. ही माणसं मूर्ख नव्हती, आळशी तर अजिबातच नव्हती. त्यांनी प्रश्न विचारायच्या आधी उत्तर निवडलं होतं, एवढंच मला दिसतं.

आता पॉल-लुई सिमों. हे फ्रेंच लष्करी डॉक्टर पाश्चर संस्थेकडून १८९७ मध्ये भारतात आले. त्यांनी दोन बारीक गोष्टी टिपल्या. एक, काही रुग्णांच्या पायावर वगैरे टाचणीच्या डोक्याएवढा फोड असतो आणि त्या फोडातल्या पाण्यात प्लेगचे जंतू असतात. दुसरी मला फार महत्त्वाची वाटते. नुकता मेलेला उंदीर उचलणारा माणूस आजारी पडतो, पण कालपासून मरून पडलेला उंदीर उचलणाऱ्याला सहसा काही होत नाही. जंतू तर दोन्ही उंदरांत आहेत! मग एका दिवसात त्या उंदरातून निघून काय गेलं?

अंग गार पडलं की उंदराला सोडून जातात त्या पिसवा.

इथे 'सुचलं' आणि 'सिद्ध झालं' यांत सिमोंनी गल्लत केली नाही. २ जून १८९८, कराची. काचेची मोठी बरणी, तळाला वाळू. त्यात प्लेग झालेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर. पिसवा कमी पडू नयेत म्हणून मांजराच्या अंगावरच्या पिसवाही त्यांनी आत सोडल्या. तो उंदीर मरायला टेकल्यावर त्याच बरणीत एक निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात अधांतरी ठेवला. दोघांचा स्पर्श होणार नाही अशी सोय, पण पिसू जाळीतून जाऊ शकेल. पाचसहा दिवसांत निरोगी उंदीर प्लेगने मेला. याच्या जोडीला त्यांनी पिसवा नसलेले आजारी उंदीर निरोगी उंदरांसोबत ठेवून पाहिले. त्या निरोगी उंदरांना काहीही झालं नाही.

सिमोंनी हे त्याच वर्षी छापलं. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने ते बाजूला सारलं.

पुढचं लिहितेच, पण तुम्हाला काय वाटतं? लेकीच्या वहीचं काय करावं?

---

मेतकूट | शनिवार, दुपारी १:२५

वाचतेय. लेकीला शाबासकी सांगा. वही अजिबात बदलू देऊ नका.

---

कोकणकडा | शनिवार, दुपारी ३:०२

>> सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने ते बाजूला सारलं

इथे थोडी आयोगाची बाजू घेतो. एका माणसाने एका बरणीत मोजक्या उंदरांवर केलेला प्रयोग. त्यावर लाखो लोकांच्या जिवाचा निर्णय कसा घ्यायचा? दुसऱ्या कोणी तो करून पाहिला का, त्यांना काय दिसलं, हे विचारायलाच हवं. मी औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात एकवीस वर्षं काढली. एका नमुन्यावर बॅच पास केलेली मी कधी पाहिली नाही.

---

पारिजात | शनिवार, दुपारी ४:४०

कोकणकडा, तुमचा मुद्दा पटतो आणि त्याचं उत्तरही फार सुंदर आहे.

इतरांनी करून पाहिलं, पण जमलं नाही. लोझानच्या गाली-व्हालेरियो यांनी तर थेट आक्षेप घेतला की उंदरावरच्या पिसवा माणसाला चावतच नाहीत. त्यांनी स्वतः पाहिलं होतं आणि ते खरंच सांगत होते! फक्त त्यांच्याकडच्या, म्हणजे युरोपातल्या उंदरांवरच्या पिसवा वेगळ्या जातीच्या होत्या. आपल्याकडच्या उंदरावरची पिसू वेगळी, ती उपाशी असली की माणसाला चावते. तिला १९०३ मध्ये रॉथशिल्ड यांनी नाव दिलं, आज ती झेनोप्सिला किओपिस म्हणून ओळखली जाते. पुढे मार्सेय बंदरात गोतिए आणि रेबो यांनी सिमोंचा प्रयोग पुन्हा केला आणि त्यांना तेच उत्तर मिळालं.

दोन प्रामाणिक माणसं, दोघांची निरीक्षणं बरोबर, निष्कर्ष मात्र उलट. मध्ये अडकली होती ती पिसूची जात, कारण तोवर सगळे नुसतं 'पिसू' म्हणत होते.

---

निशिगंधा | शनिवार, रात्री ९:१५

सुरेख धागा. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. यात ग्लेन लिस्टन यांचं काम यायलाच हवं. ते मुंबईतलं आहे आणि विद्यार्थ्यांना तुलना म्हणजे काय हे समजावताना मी नेहमी तेच सांगायचे.

१९०३ साल. भायखळ्याच्या राणीच्या बागेत गिनीपिग मरायला लागले. तपासलं तर प्लेग, आणि अंगावर उंदराच्या पिसवा. गिनीपिगवर उंदराची पिसू सहसा असत नाही. मग त्याच वर्षी एप्रिलमध्ये एका चाळीत आधी उंदीर मेले, मागोमाग माणसं आजारी पडली. लिस्टननी त्या चाळीतल्या माणसांच्या अंगावरून पिसवा गोळा केल्या. ३० मिळाल्या. त्यांतल्या १४ उंदराच्या.

आता इथे थांबा. १४ हा आकडा मोठा की लहान? नुसता १४ काहीच सांगत नाही. चाळीत उंदीर भरपूर, त्यामुळे माणसांवर उंदराच्या पिसवा नेहमीच असतील, कोणी सांगावं? म्हणून त्यांनी प्लेग नसलेल्या ठिकाणच्या माणसांवरच्या पिसवाही पाहिल्या. २४६ पिसवांत उंदराची पिसू निघाली फक्त १.

३० पैकी १४, आणि २४६ पैकी १. ते २४६ मोजायला किती कंटाळवाणे तास गेले असतील! कोणाच्या अंगावर प्लेग नाही, साथ नाही, काही घडत नाही, आणि हा माणूस पिसवा भिंगाखाली धरून जात ओळखतोय. पण त्या २४६ मुळेच १४ ला अर्थ आला. माझ्या विद्यार्थ्यांना ते १४ लक्षात राहायचे, २४६ विसरायचे. परीक्षेत मी मुद्दाम २४६ विचारायचे.

शिवाय यातून गोष्टीची साखळीही दिसते. उंदीर मेले की पिसवा निराश्रित होतात. उंदीर मिळेना म्हणून माणसावर येतात. पणजीबाईंचा 'उंदीर पडला' आणि माणसाची गाठ यांच्यामधला दुवा हा आहे.

---

शेतकरी_तासगाव | शनिवार, रात्री १०:३०

ताई, २४६ ची गोष्ट मनाला लागली. माझा अनुभव सांगतो.

चार वर्षांमागं एक जण द्राक्षावर मारायचं द्रावण घेऊन आला. म्हणाला, अर्ध्या बागेला मारा, फरक डोळ्यांनी दिसेल. मारलं. खरंच त्या अर्ध्यात घड भरले. मी दुसऱ्या वर्षी सगळ्या बागेसाठी पैसे भरणार, तेवढ्यात वडील म्हणाले, "ती बाजू विहिरीकडची. जमीन खोल, पाणी आधी मिळतं. द्रावण नव्हतं तवाबी तीच बाजू चांगली यायची." मी वीस वर्षं ती बाग बघतोय, पण माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कारण मला फरक बघायचा होता आणि तो दिसला.

मग पुढच्या वर्षी वीस ओळी घेतल्या. चिठ्ठ्या टाकून दहा ओळींना द्रावण, दहांना तेवढंच साधं पाणी. काढणीच्या वेळी वजन करणाऱ्या बायकांना कुठली ओळ कसली ते सांगितलं नाही. आकडे मांडले तर द्रावणाच्या दोन ओळींतच एकमेकींत एवढी तफावत, की द्रावण आणि पाणी यांच्यातला फरक त्यात बुडून गेला. द्रावण घेतलं नाही.

---

मेतकूट | शनिवार, रात्री ११:०५

दादा, चिठ्ठ्या टाकायचं कोणी सुचवलं?

---

शेतकरी_तासगाव | रविवार, सकाळी ६:४०

कृषी विद्यापीठाच्या एका शिबिरात ऐकलं होतं. मी आपल्या हातानं ओळी निवडल्या असत्या तर चांगल्या ओळीकडंच हात गेला असता. चिठ्ठीला माया नसते.

---

जुनी_वही | रविवार, सकाळी १०:२०

सगळ्यांचं लिहिणं आवडलं, पण एक गोष्ट खटकते म्हणून स्पष्ट लिहितो. लोकांना कळलंच होतं ना? उंदीर पडला की गाव सोडायचं, हे वाईच्या पणजीला बरणीशिवाय आणि भिंगाशिवाय ठाऊक होतं. गाव सोडणाऱ्यांचे जीव वाचले. मग शास्त्रज्ञांनी दहा वर्षं घालवून काय जास्तीचं दिलं? अडाणी समजल्या गेलेल्या लोकांच्या ज्ञानाला कोणी श्रेय देत नाही, याचा मला त्रास होतो.

---

पारिजात | रविवार, दुपारी १२:५०

जुनी_वही, तुमचा त्रास मला समजतो आणि श्रेय द्यायलाच हवं. उंदीर आणि प्लेग यांचा संबंध लोकांनी आधी पाहिला यात शंका नाही. माझी पणजी त्यामुळे वाचली, म्हणून मी आहे.

पण 'संबंध आहे' आणि 'संबंध कसा आहे' यांतल्या अंतरात काय काय घडलं ते बघा. रोग माणसाकडून माणसाला होतो असं धरून १८९७ मध्ये पुण्यात सोल्जर घरात घुसले, बायकांना रस्त्यावर उभं करून तपासलं, रुग्णांना इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेलं. २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली, तो संताप यातून आलेला. आणि प्लेगच्या इस्पितळांत काय दिसत होतं? गाठीच्या प्लेगच्या रुग्णांची रात्रंदिवस सेवा करणाऱ्यांना रोग क्वचितच होत होता. हे समोर होतं, नोंदलेलं होतं. रोग स्पर्शाने जात असता तर आधी ते लोक गेले असते. (फुप्फुसाचा प्लेग वेगळा, तो खोकल्यातून थेट पसरतो. गाठीच्या प्लेगबद्दल बोलतेय.) रुग्णाला घरातून ओढून काढलं आणि पिसवा घरातच राहिल्या.

सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ ला गेल्या. कराचीतल्या बरणीच्या सव्वा वर्ष आधी. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

'कसा' हे कळल्यावर उपाय बदलतो. रुग्णाचा पाठलाग थांबवून उंदीर आणि पिसवांकडे लक्ष जातं. ते पणजीच्या ज्ञानात नव्हतं. शिवाय जिला गाव सोडून जायला रानच नाही, अशा मांडवीच्या चाळीतल्या बाईला पणजीच्या उपायाचा काय उपयोग?

---

जुनी_वही | रविवार, दुपारी २:१५

शेवटचं वाक्य पटलं. इस्पितळातल्या सेवकांचा मुद्दा माहीत नव्हता. मुळात तो कोणी विचारात का घेतला नाही?

---

निशिगंधा | रविवार, दुपारी ३:३०

कारण आपल्या मतात न बसणारी नोंद माणूस अपवाद म्हणून बाजूला ठेवतो. तशा नोंदीसाठी मुद्दाम जागा करावी लागते. पारिजात, परळचे प्रयोग लिहा ना, त्यांत ही जागा कशी केली ते दिसतं.

---

पारिजात | रविवार, संध्याकाळी ६:००

लिहिते. या धाग्यावर मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं ते हेच.

१९०५ मध्ये रॉयल सोसायटी, लिस्टर संस्था आणि इंडिया ऑफिस यांनी मिळून नवं संशोधन मंडळ नेमलं. काम परळला, जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमधल्या प्रयोगशाळेत, जी आज हाफकिन संस्था आहे. लिस्टन त्यात होतेच. या लोकांनी 'पिसवांमुळे होतो का' एवढंच विचारलं नाही. प्रत्येक जुनं उत्तर एकेक करून घेतलं आणि त्याला हरायची खरी संधी दिली.

स्पर्शाने होतो? मग आजारी आणि निरोगी गिनीपिग पिसवा नसलेल्या जागेत एकत्र ठेवा. खाणं एक, निजणं एक. आजारी आईचं दूध पिणारी पिल्लंसुद्धा होती. रोग पसरला नाही. तिथेच पिसवा सोडल्या तर पसरला.

जमिनीतून होतो? मग शेणाने सारवलेल्या आणि चुन्याच्या जमिनीवर मुद्दाम प्लेगचे जंतू ओता आणि प्राणी सोडून बघा. शेणाची जमीन ४८ तासांनी आणि चुन्याची २४ तासांनी निर्धोक झाली. जिथे महिनोन् महिने प्लेग ठाण मांडून बसतो, त्याचं कारण एवढ्या लवकर निवळणारी जमीन कशी असेल?

हवेतून होतो? याच्यासाठी केलेला प्रयोग माझा सगळ्यात लाडका. पिसवा असलेल्या खोलीत गिनीपिगचे पिंजरे ठेवले. एक जमिनीवर, एक जमिनीपासून दोन इंचांवर, एक दोन फुटांवर टांगलेला. हवा तीच, खोली तीच, वास तोच. पिसू उडी मारते ती काही इंचांची. जमिनीवरच्या आणि दोन इंचांवरच्या गिनीपिगना प्लेग झाला. दोन फुटांवरच्याला नाही.

डोळ्यांसमोर आणा. दोन इंच आणि दोन फूट. हवा दोघांना सारखीच पोचते, पिसूची उडी एकालाच पोचते. महागडं यंत्र नाही, नुसती दोरीची लांबी. दोन फुटांवरच्या गिनीपिगलाही प्लेग झाला असता तर पिसूचं म्हणणं तिथेच कोसळलं असतं. आपलं म्हणणं पडू शकेल अशी दोरी त्यांनी स्वतःच्या हाताने बांधली.

मग हेच खऱ्या घरांत. प्लेगने माणसं गेलेल्या खोल्यांत पिंजरे ठेवले. काहींना पिसू शिरणार नाही असं बारीक जाळीचं आवरण, काहींच्या भोवती माश्या धरायचा चिकट कागद पसरलेला, काही उघडे. उघड्या पिंजऱ्यांतल्या प्राण्यांना प्लेग झाला, सुरक्षित पिंजऱ्यांतले वाचले. चिकट कागदावर सापडलेल्या पिसवा फाडून तपासल्या: माणसाच्या ८५ पिसवांत जंतू असलेली १, उंदराच्या ७७ मध्ये २३.

हे अहवाल १९०६ पासून छापून आले. सिमोंच्या बरणीला तेव्हा आठ वर्षं झाली होती.

---

कोकणकडा | रविवार, संध्याकाळी ७:२०

दोरीची लांबी! हे मी कारखान्यातल्या नव्या पोरांना सांगणार. शंका एकच, पिसू चावते म्हणजे जंतू आत जातो कसा? तिच्या सोंडेला चिकटून?

---

निशिगंधा | रविवार, रात्री ८:४५

तेही लगेच कळलं नाही. १९१४ मध्ये बॅकट आणि मार्टिन यांनी दाखवलं. जंतू पिसूच्या जठराच्या तोंडाशी वाढून गुठळी करतात. रक्त पुढे जात नाही, पिसू उपाशी राहते, म्हणून पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक वेळी ओढलेलं रक्त जंतूंसकट जखमेत परत येतं. मार्टिन म्हणजे १९०५ च्या मंडळातलेच. पिसू दोषी ठरल्यावरही हा माणूस आणखी नऊ वर्षं त्याच प्रश्नात होता.

---

वेलदोडा | रविवार, रात्री ९:३०

मी चेन्नईत राहते, म्हणून इथली एक गोष्ट. प्लेगने मुंबई, पुणे, पंजाब होरपळला, पण मद्रास शहरात तो कधी नीट रुजलाच नाही. बाहेरून रुग्ण येत होते, उंदीर भरपूर, पिसवाही भरपूर. मग? पिसूचं म्हणणं खोटं पडलं का?

कोलंबोत काम करणाऱ्या हर्स्ट यांनी पिसवा पुन्हा नीट पाहिल्या. ज्या सगळ्यांना एकच नाव लावलं जात होतं त्यांत दोन जाती निघाल्या. मद्रास आणि कोलंबोत बहुतेक पिसवा झेनोप्सिला ॲस्टिया, आणि ही बहीण प्लेग पसरवण्यात फार कच्ची. कोलंबोत प्लेग होता तो धान्याच्या वखारींच्या भागात, आणि किओपिस पिसूही तिथेच. गाली-व्हालेरियोंना जी गोष्ट नडली तीच पुन्हा, जात न ओळखता मोजणं.

---

जुनी_वही | सोमवार, सकाळी ९:१०

आणखी एक विचारतो. हे सगळं गिनीपिगवर झालं. माणसांवर? भायखळ्याच्या तुरुंगात प्लेगची लस टोचली होती ना? कैदी 'नाही' कसं म्हणणार?

---

निशिगंधा | सोमवार, सकाळी ११:४०

प्रश्न योग्य आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर देणार नाही. ही लस तयार करणाऱ्या हाफकिन यांनी ती आधी १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग आला, तेव्हा तिथे तयारी दाखवणाऱ्यांना टोचली. तयारी दाखवली हे खरं, पण कोठडीतल्या माणसाच्या होकाराला किती किंमत द्यायची? आजच्या नियमांत ते बसणार नाही आणि बसू नये.

पण हाफकिनना एक गोष्ट पक्की समजली होती. लस घेणारा आणि न घेणारा यांचं घर, अन्न, उंदीर सगळं वेगळं असेल तर लसीबद्दल काहीच कळत नाही. म्हणून १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात त्यांनी प्रत्येक कुटुंबाचे साधारण निम्मे लोक टोचले, निम्मे तसेच ठेवले. एकाच छपराखाली. टोचलेले ७१, त्यांत ८ आजारी, ३ गेले. न टोचलेले ६४, त्यांत २७ आजारी, २६ गेले.

हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहायचे तेव्हा वर्ग गप्प व्हायचा. तुलना इतकी स्वच्छ आहे की लसीचा गुण लख्ख दिसतो. आणि ती २६ माणसं त्या तुलनेची किंमत आहेत. त्यांच्याच घरात, शेजारच्या वाकळेवर वाचलेली माणसं होती. मला दोन्ही गोष्टी एकदम मनात ठेवाव्या लागतात. आज मधेच आकडे पाहून, फरक उघड दिसला तर प्रयोग थांबवून सगळ्यांना लस द्यायची पद्धत आहे, ती अशाच अनुभवांतून आली आहे.

---

जुनी_वही | सोमवार, दुपारी १:००

धन्यवाद ताई. आजीबाई, पणजीबाई आणि उंधेऱ्याची माणसं, सगळ्यांचं नाव या गोष्टीत राहावं.

---

शेतकरी_तासगाव | सोमवार, रात्री ८:१५

पारिजातताई, मुंग्यांचं काय झालं? एक विचारतो, राग मानू नका. मुंग्या हळदीला थबकल्या की नुसत्या भुकटीला? पोरीनं साध्या पिठाची रेघ ओढून बघितली का?

---

पारिजात | सोमवार, रात्री ९:५०

दादा, राग कसला! तुमचा प्रश्न तिला वाचून दाखवला. ती आधी गप्प बसली, मग डब्यातून गव्हाचं पीठ काढून घेऊन आली. उद्यापासून तीन पाट्या: एकीवर हळदीची रेघ, एकीवर पिठाची, एकीवर काहीच नाही. पलीकडे तेवढीच साखर. कुठली पाटी कुठे ठेवायची ते रोज चिठ्ठी टाकून. मुंग्या मोजायचं काम तिने धाकट्या भावाला दिलंय. त्याला काय सिद्ध करायचंय ते माहीत नाही.

वहीचं म्हणाल तर बाईंना भेटून आले. लिस्टन यांचे १४ आणि २४६ त्यांना सांगितले. त्या थोडा वेळ वही बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा करून आणू दे, मग आहे तसंच ठेवू."

---

पारिजात | शुक्रवार, रात्री ८:३०

तीन दिवसांचे आकडे. पहिल्या दहा मिनिटांत साखरेपर्यंत पोचलेल्या मुंग्या, तिन्ही दिवस मिळून: रेघ नसलेली पाटी ९४, पिठाची ११, हळदीची ९. तासाभराने तिन्ही पाट्यांवर रांग लागलेली.

तिने लिहिलंय: 'भुकटीमुळे मुंग्या थोडा वेळ अडतात. हळदीचा वेगळा परिणाम मला दिसला नाही.' सासूबाईंनी ते वाचलं, म्हणाल्या, "मग हळद महाग, पीठच टाकत जाऊ."

खाली पेन्सिलने आणखी एक ओळ आहे: 'या सगळ्या काळ्या मुंग्या होत्या. लाल मुंग्यांवर अजून केलं नाही.' न्हाणीघराच्या उंबऱ्याशी लाल मुंग्यांची रांग असते. रविवारी पाट्या तिकडे न्यायच्या आहेत.